हौसेची गाडी : निवड आणि हिशेब

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात मोटारगाडीवर लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. कथा, कविता आणि एखादा समीक्षात्मक लेख एवढ्यावर अंकाची गाडी दरवर्षी सुरळीत चालत असताना मध्येच हा खडखडाट कशाला, असे कोणी विचारीलही. पण जुनी वस्तू पारखणे, तिच्यात मूळचे किती आणि मागाहून घुसडलेले किती हे ओळखणे, हे काम इतिहास आणि वाङ्मय शिकणाऱ्यांना अपरिचित नाही. पोथीच्या चार प्रती समोर ठेवून मूळ पाठ ठरविणारा संशोधक आणि रंगाचे चार थर खरवडून गाडीचा मूळ रंग शोधणारा हौशी माणूस, दोघांची चिकाटी एकाच जातीची असते. फरक इतकाच, की दुसऱ्याचे हात तेलकट होतात.

विषय असा : एखादी जुनी, देखणी, शक्य तर स्पोर्ट्स कार घ्यावी आणि शनिवार-रविवारी आपल्या हातांनी ती दुरुस्त करून रस्त्यावर आणावी, अशी इच्छा अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथे राहणाऱ्या माणसाला झाली, तर त्याने कोणती गाडी निवडावी आणि ती कशी पारखावी? ही इच्छा दिसते तितकी दुर्मिळ नाही, आणि फसलेल्या इच्छांचे अवशेषही आपल्या डोळ्यांसमोर आहेत. उपनगरातल्या जुन्या सोसायट्यांच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली, चारही चाकांतली हवा गेलेली, बॉनेटवर पिंपळाच्या पानांचा थर साचलेली एखादी गाडी पुष्कळांनी पाहिली असेल. अशा गाड्या सहसा वाईट मिस्त्रीमुळे किंवा पैशाच्या अभावी त्या स्थितीला येत नाहीत. निवड करतानाच चूक झालेली असते.

आधी स्पोर्ट्स कार म्हणजे काय ते पाहू. लाल रंग आणि मोठा आवाज ही तिची व्याख्या नव्हे. वजनाला हलकी, जमिनीलगत बसणारी, बहुधा दोघांपुरती आणि चालविणाऱ्याच्या हाताच्या व पायाच्या इशाऱ्याला तत्काळ प्रतिसाद देणारी गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार. इंजिन फार मोठे असावेच लागते असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ज्या छोट्या स्पोर्ट्स कार निघाल्या, त्यांतल्या अनेकांची इंजिने आणि इतर भाग साध्या घरगुती गाड्यांतून उचललेले होते. १९६२ साली आलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही ट्रायम्फ हेरल्ड या कुटुंबवत्सल गाडीची चासी आखूड करून तिच्यावर उभी केलेली होती. इटलीत फियाट ११०० या चार माणसांच्या गाडीचीही अधिक वेगवान अशी 'टी.व्ही.' आवृत्ती निघाली होती. म्हणजे स्पोर्ट्स कारचे माहेर पुष्कळदा साध्या घरातलेच असते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण आपली सगळी निवड त्यावर बेतलेली आहे.

मुंबईत खऱ्या स्पोर्ट्स कार इतक्या थोड्या का, याला इतिहास आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला, तेव्हा ही मुंबई देशातल्या मोटारींची राजधानीच होती. परंतु १९५३ साली टॅरिफ कमिशनने असे धोरण सुचविले, की ज्या कंपन्या सुटे भाग येथेच बनविण्यास तयार असतील त्यांनाच पुढे वाव द्यावा. सरकारने ते स्वीकारले आणि १९५४ साली जनरल मोटर्सने येथला गाशा गुंडाळला. परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद झाली. त्यानंतर तीन दशके सामान्य ग्राहकापुढे प्रामुख्याने तीनच गाड्या राहिल्या : कलकत्त्याची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि आपल्या कुर्ल्याची फियाट. दोघांच्या बैठकीची चैन या व्यवस्थेत बसणारी नव्हती. संस्थानिक, मोठे व्यापारी, परदेशी वकिलाती यांच्याकडून हात बदलत आलेल्या काही एम.जी. किंवा ट्रायम्फ शहरात आहेत आणि जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत त्या दिसतातही. पण त्यांच्या किमती आणि त्यांचे सुटे भाग ही प्राध्यापकाच्या पगाराची गोष्ट नव्हे. दुरून डोंगर साजरे म्हणावे आणि पुढे चालावे.

मग उपनगरातल्या हौशी माणसापुढे उरते काय? माझ्या मते चार नावे विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिली स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती १९६१ पासून बनविली. आकृती जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताची, इंजिन ९४८ सी.सी.चे. स्पिटफायरची ही थोरली बहीणच. हिचे अख्खे बॉनेट मडगार्डांसह पुढच्या बाजूला उलटे उघडते, त्यामुळे इंजिन आणि पुढची चाके पूर्ण मोकळी होतात आणि टायरवर बसून आरामात काम करता येते. नवशिक्याला याहून सोयीची रचना मिळणे कठीण. ती वळतेही आश्चर्य वाटावे इतक्या थोड्या जागेत. साधारण २५ फुटांच्या वर्तुळात पूर्ण फिरते.

दुसरी कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ साली तिची ११०० डी ही आवृत्ती आली आणि १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. इंजिन १०८९ सी.सी.चे, गिअरचा दांडा स्टीअरिंगखाली. ही स्पोर्ट्स कार नाही हे खरेच, पण तिचे इंजिन गोड आणि उत्साही आहे आणि सुस्थितीतली पद्मिनी घाटात चालविणाऱ्याला कंटाळा येत नाही.

तिसरी सिपानी डॉल्फिन. १९८२ साली बंगलोरहून आलेली, ८४८ सी.सी.ची, फायबरग्लासच्या अंगाची ही चिमुकली गाडी बाजारात फारशी चालली नाही. पण वजनाला अतिशय हलकी असल्यामुळे शर्यतीच्या शौकिनांनी तिचे चीज केले. चौथी सॅन स्टॉर्म. १९९८ साली गोव्यात निघालेली ही गाडी मात्र अस्सल दोन बैठकींची. अंग फायबरग्लासचे आणि इंजिन रेनोचे. भारतात तयार झालेल्या मोजक्या स्पोर्ट्स कारपैकी ती एक.

नावे कळली की मन लगेच चौथ्या गाडीकडे धाव घेते. येथेच सावध व्हावे. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, पण हौसेला वेळ लागतो आणि वेळ मोजता येतो. वर्षात रविवार ५२. उघड्यावर काम करायचे तर पावसाळ्याचे चार महिने, म्हणजे सुमारे १७ रविवार, बाद झाले. उरले ३५. गणपती, दिवाळी, लग्नकार्ये, परीक्षा, पेपर तपासणे आणि घरच्यांचे न्याय्य हक्क यांत आणखी दहा धरा. राहिले २५. प्रत्येकी चार तास धरले, तर वर्षाचे शंभर तास हाती येतात. या शंभर तासांत एका चालू गाडीचे ब्रेक, वायरिंग, कार्बोरेटर आणि गाद्या एवढे निगुतीने होऊ शकते. संपूर्ण सुटी करून, पत्रा सोलून, पुन्हा जुळविण्याचे काम या हिशेबाने कित्येक वर्षांचे आहे. ताडपत्रीखालच्या गाड्या बहुतेक याच गणिताच्या बळी असतात : मालकाने उत्साहाच्या भरात पहिल्या महिन्यात सगळे खोलले, आणि कोणता बोल्ट कोठला हे पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो विसरला. म्हणून निवडीचा पहिला नियम असा सांगता येईल : स्वतःच्या चाकांवर चालत घरी येईल अशीच गाडी घ्यावी. अर्धवट खोललेली गाडी कितीही स्वस्त असो, ती घेऊ नये. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण अशाच सौद्यांसाठी असावी.

दुसरा नियम गंजाचा. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. त्यात समुद्राची खारी हवा. आपल्या उपनगरांत इंजिनापेक्षा पत्रा आधी मरतो. इंजिन झिजले तर लेथवर बोअर करून, नवे पिस्टन आणि रिंगा घालून ते पुन्हा तरुण करता येते. पत्र्याचे तसे नाही. येथे हेरल्ड आणि फियाट यांच्यातला मूलभूत फरक समजून घेतला पाहिजे. हेरल्डला खाली स्वतंत्र लोखंडी चासी आहे आणि वरचे अंग तिच्यावर बोल्टांनी बसविलेले आहे. ते तुकड्या-तुकड्यांनी उतरविता येते. वरचा पत्रा खराब असला तरी चासी शाबूत असेल तर गाडी वाचते. फियाटला वेगळी चासी नाही. तिचा तळ, दारांखालचे उंबरे आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे फियाटचा उंबरा गंजला, तर तो केवळ सौंदर्याचा प्रश्न राहात नाही. घराची तुळईच कुजली असे समजावे.

परीक्षा कशी करावी? साधने दोनच लागतात : एक लहान लोहचुंबक आणि एक बोथट स्क्रू ड्रायव्हर. चुंबक रुमालात गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवर, मडगार्डांवर आणि उंबऱ्यांवर फिरवावा. जेथे तो चिकटत नाही तेथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली आहे. वरून रंग नवा आणि चकचकीत असेल तर संशय अधिक घ्यावा. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते. मग आतली चटई उचलून तळ पाहावा, डिकीतल्या स्टेपनीखाली पाहावे, आणि मागचे पाटे जेथे अंगाला जोडलेले असतात त्या जागी स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टोचून पाहावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांत असंख्य गाड्या बुडाल्या, हे विसरू नये. गादीच्या चौकटीत किंवा दाराच्या आतल्या पोकळीत वाळलेला गाळ सापडला, तर ती गाडी तेव्हा किंवा नंतर केव्हातरी पाण्यात राहिली आहे असे खुशाल समजावे. डॉल्फिन आणि स्टॉर्म यांचे वरचे अंग फायबरग्लासचे असल्याने ते गंजत नाही हे खरे. पण खालचे लोखंड गंजतेच, आणि वरून काही दिसत नसल्यामुळे फसगत अधिक होते.

तिसरा नियम सुट्या भागांचा, आणि माझ्या मते आजच्या घडीला हाच निर्णायक आहे. इंजिनाचे भाग शोधले तर मिळतात, नाही तर घडविता येतात. अडते ते क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर : समोरची काच, खिडक्यांचे रबर, दिव्यांच्या चकत्या, दाराची मूठ. स्टॉर्मची किंवा डॉल्फिनची काच फुटली तर ती कोठून आणणार? हेरल्डचे पुष्कळ भाग ब्रिटनमध्ये आजही मिळतात, कारण तिकडे तिच्या चाहत्यांचा मोठा समुदाय आहे. पण टपालखर्च आणि जकात यांची तयारी हवी. फियाटच्या बाबतीत मात्र आपली स्थिती काखेत कळसा अशी आहे. जेथे ही गाडी जन्मली, त्याच कुर्ल्यात सी.एस.टी. रोडवर सुट्या भागांची आणि भंगाराची दुकाने आहेत. घाटकोपरहून तेथे जायला बसचा एक टप्पा पुरतो.

परंतु हे वैभव कशावर उभे होते, याचाही विचार केला पाहिजे. पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. त्यानंतरही तिचे भाग मिळत राहिले ते हौशी मालकांमुळे नव्हे; काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. हजारो टॅक्सीवाल्यांना रोज क्लच प्लेट, ब्रेकची रबरे, किंगपिन लागत, म्हणून ती बनत आणि विकली जात. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे गेली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर हळवे लेख लिहिले. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट संपू लागली, तिची दखल थोड्यांनीच घेतली. गिऱ्हाईक गेले की दुकानदार माल ठेवत नाही. आणि केवळ कान लावून या इंजिनाचा आजार सांगणारा मिस्त्री, ज्याचे अर्धे आयुष्य टॅक्सींखाली आडवे पडून गेले, तोही आता म्हातारा होत चालला आहे. त्याची विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. हेड किती घट्ट आवळावे, कार्बोरेटरचा स्क्रू किती फेरे सोडावा, हे त्याच्या मनगटाला ठाऊक आहे. तो गेल्यावर ते ज्ञान लोप पावेल. म्हणून गाडी निवडताना 'मला कोणती आवडते?' या प्रश्नाआधी 'माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत कोणत्या गाडीची विद्या अजून जिवंत आहे?' हा प्रश्न विचारावा.

चौथा नियम कागदपत्रांचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. विकणाऱ्याच्या गोड बोलण्यात न गुंतता नोंदणी पुस्तक मागावे. त्यावरील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष धातूवर कोरलेल्या आकड्यांशी स्वतः ताडून पाहावे. मालक दिवंगत असेल तर वारसांची संमती लेखी घ्यावी. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पण तिच्या अटी नीट वाचाव्यात. अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आणि तिची चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा लागतो. याचा अर्थ, ज्याला हेरल्डला मारुतीचे इंजिन बसवायचे आहे त्याने या सवलतीची आशा धरू नये. नियम आपल्याला एक प्रकारे संपादनाचा धडाच देतो : दुरुस्ती करा, क्षेपक घालू नका.

आता इंधनाविषयी दोन शब्द. या गाड्या शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या. ते पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकांचे रक्षण होत असे, म्हणून हेड उतरविलेच तर तेथे कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. सध्याच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला फुगविते आणि ओलावा धरून टाकी आतून गंजविते. तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या प्रतीच्या रबराचा घालावा, आणि गाडी महिनोन्‌महिने भरलेल्या टाकीनिशी उभी ठेवू नये.

कामाला सुरुवात कोठून करावी, हेही निवडीइतकेच महत्त्वाचे. पुष्कळजण रंगापासून आरंभ करतात, कारण रंग चारचौघांत दिसतो. खरा क्रम उलटा आहे : आधी ब्रेक, मग स्टीअरिंग आणि टायर, मग वायरिंग, मग इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटी. जी थांबत नाही ती चालविण्यात अर्थ नाही. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते; ती भुकटी फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. खाली भक्कम घोड्या लावल्यावाचून ते काम करायचेच नाही. सोसायटीची परवानगी आधी काढावी, जमिनीवर तेल सांडू देऊ नये आणि दुपारी दोन ते चार या वेळात हातोडा चालवू नये. शेजारधर्म सुटला तर उत्तम गाडीसुद्धा ताडपत्रीखाली जाते.

एवढ्या विवेचनानंतर निर्णय काय? ज्याच्या हाताशी झाकलेले गॅरेज आहे, ज्याच्यापाशी सबुरी आहे आणि ज्याला स्पोर्ट्स कारच्या कुळातलीच गाडी हवी आहे, त्याने शाबूत चासीची हेरल्ड शोधावी. मात्र तिच्या मागच्या चाकांची स्वतंत्र रचना आपल्या मिस्त्रींना कधी फारशी रुचली नाही, ती स्वतः समजून घेण्याची तयारी ठेवावी. डॉल्फिन किंवा स्टॉर्म पूर्ण अवस्थेत, एकही काच किंवा दिवा न हरवलेली मिळाली, तरच घ्यावी. ती गाडी पहिली नव्हे, दुसरी म्हणून शोभेल. आणि ज्याला प्रथमच हात काळे करायचे आहेत, मोकळ्या जागेत काम करायचे आहे आणि खिसा बेताचा आहे, त्याने चालू स्थितीतली, उंबरे शाबूत असलेली, कागदपत्रे स्वच्छ असलेली कुर्ल्याची फियाट घ्यावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा सल्ला हौसेलाही लागू पडतो.

काही रसिक यावर नाक मुरडतील. पद्मिनी! ती तर टॅक्सी! पण जी वस्तू काल रस्तोरस्ती होती तीच उद्या सर्वांत आधी नाहीशी होते, कारण तिला जपावे असे कोणालाच वाटत नाही. राजेमहाराजांच्या गाड्या संग्रहालयांत सुरक्षित राहतील. आपल्या वडिलांच्या पिढीने पाळीत नंबर लावून, वर्षानुवर्षे थांबून घेतलेली गाडी जपायची असेल, तर ती आपल्यासारख्यांनीच जपली पाहिजे. त्यासाठी वर्षाचे पंचवीस रविवार, एक लोहचुंबक आणि एखादा म्हातारा मिस्त्री एवढे पुरेसे आहे. रविवार दरवर्षी येतील, चुंबकही बाजारात मिळेल. मिस्त्रीला मात्र याच वर्षी गाठावे.